आवाज कुठे ठेवायचा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज वही आणली. दवाखान्यातल्या अंजली मॅडमनी सांगितलं, "सर, रोज थोडं लिहायची सवय लावा. ऑपरेशननंतर काही आठवडे तुम्हाला लिहूनच बोलायचंय." ज्यांचा आवाज गेलाय त्यांना पुन्हा बोलायला शिकवणं हे या मॅडमचं काम. वयाने आमच्या मुलीएवढ्या, योगिनीएवढ्या. मी म्हटलं, "मॅडम, मी पी.टी.चा शिक्षक. लिहिण्याशी आमचा संबंध हजेरीपटापुरता." त्या हसल्या. शेजारी बसलेली माझी बायको उज्वला हसली नाही.

हकीगत अशी. जूनपासून घसा बसलाय. आम्हाला वाटलं, मैदानावर ओरडून बसला असेल, बत्तीस वर्षं बसतच आलाय. दिवाळीच्या आधी तुकडा काढून तपासायला दिला. स्वरयंत्राचा कर्करोग. बराच पुढे गेलेला, त्यामुळे स्वरयंत्र पूर्ण काढणार. गळ्याला पुढून एक भोक राहील आणि श्वास तिथून घ्यायचा. जीव वाचेल, असं डॉक्टर ठामपणे म्हणतात. साखर आटोक्यात आली की २५ तारखेला ऑपरेशन.

म्हणजे माझा आवाज अजून बावीस दिवस.

तंबाखू सोडून अकरा वर्षं झाली, हे मी डॉक्टरांना तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "चांगलं केलंत सर." दुसरं काय म्हणणार.

५ नोव्हेंबर, बुधवार

अंजली मॅडमनी आणखी एक सुचवलं. आहे तो आवाज रेकॉर्ड करून ठेवा. घोगरा असला तरी तुमचा आहे, पुढे घरच्यांना लागेल.

घरात कॉम्प्युटर आहे, पण तो दिवाळीतच पालटलाय. योगिनी हैदराबादला कॉम्प्युटरच्याच कंपनीत असते. सुट्टीला आली तेव्हा म्हणाली, "पप्पा, तुमच्या या जुन्या विंडोजला आता अपडेट यायचे बंद झाले, आणि नवी विंडोज या म्हाताऱ्या मशीनला पेलणार नाही. मी लिनक्स टाकून देते." दुपारभरात सगळं बदललं. डबा तोच, आतला माणूस वेगळा. सी ड्राइव्ह नाही, डी ड्राइव्ह नाही. मी बारा वर्षं सगळं डी ड्राइव्हमध्ये ठेवत आलो. स्पर्धांचे निकाल, संघांचे फोटो, योगिनीच्या लग्नाची यादी. ते तिने नीट उचलून नव्या जागी ठेवलं म्हणते. "आता 'होम' म्हणायचं पप्पा. तुमचं जे काही आहे ते होममध्ये." तिने समजावलं, मी मान हलवली. आमची पोरं माझ्यासमोर हलवतात तशीच.

फोनवर तिला रेकॉर्डिंगचं सांगितलं तर एकदम कामाचं बोलायला लागली. हेडफोन माइकवाला आहे का, कुठे खोचायचा, लाल बटण कोणतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

पहिलं रेकॉर्डिंग केलं. विषय: चढाईला जाताना पहिलं पाऊल. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी जेलरोडच्या मैदानावर सकाळी मुलींचा कबड्डीचा सराव मीच घेतो. चौदा पोरी आहेत. त्यांना पुढे कोणी शिकवेल न शिकवेल. सतरा मिनिटं बोललो. मध्ये खोकला आला, राहू दिला.

खरी चढाई नंतर झाली. सेव्ह म्हटल्यावर खिडकी उघडली, कुठे ठेवू विचारायला लागली. होममध्ये दिवाळीचे फोटो दिसले, ती गर्दी नको वाटली. खाली 'फाइल सिस्टीम' असं दिसलं. म्हटलं, हाच सी-डी ड्राइव्हचा भाऊ असणार. उघडलं तर वीसेक फोल्डर, नावं सगळी तुटकी. बिन, बूट, डेव्ह. एकेकात टाकून पाहिलं. परवानगी नाही. दुसऱ्यात, परवानगी नाही. घर माझं, मशीन माझं, आवाज माझा, आणि परवानगी नाही! शेवटी टीएमपी नावाच्या एका फोल्डरने मुकाट्याने घेतलं. सगळ्यांनी दार लावल्यावर एकाने आत ये म्हटलं की बरं वाटतं. त्यात मी तीन खोल्या पाडल्या: मैदान, योगिनी, उज्वला.

कॉम्प्युटर बंद करायची भीती वाटते, पुन्हा सुरू नाही झाला तर? मी फक्त पडद्याचं बटण दाबतो. त्यावर मी झाकण म्हणून उज्वलाचा जुना टॉवेल टाकतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

'योगिनी'मध्ये दोन फाइली. एकीत ती जन्मली त्या दिवसाची गोष्ट. मी सिन्नरला सामन्याचा पंच होतो, निरोप मिळाला तेव्हा मध्यंतराला तीन मिनिटं बाकी होती, आणि मी ती तीन मिनिटं थांबलो. हे मी तिला आजवर सांगितलं नव्हतं. माइकला सांगून टाकलं.

मी रेकॉर्डिंगला बसलो की उज्वला पिशवी घेऊन बाहेर पडते. म्हटलं, ऐकत बस. म्हणाली, "तुमचं चालू द्या. मला भाजी आणायचीय." रोज भाजी. फ्रीजमध्ये तीन फ्लॉवर आहेत.

दुःखाने माणूस बायकोच्या जवळ जातो म्हणतात. आमच्याकडे ती गेटाबाहेर जाते. मी कुणाला बोललो नाही. वहीत लिहितोय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

'उज्वला' फोल्डरमध्ये काय टाकायचं? सकाळी माइक लावून बसलो. "प्रिय उज्वला" म्हटलं आणि मलाच हसू आलं. तेहेतीस वर्षांत तिला प्रिय म्हणालो नाही, आता मशीनसमोर म्हणू? परत सुरुवात केली, "हे बघ उज्वला." ते रागावल्यासारखं आलं. शेवटी अकरा सेकंदांची फाइल झाली. त्यात "उज्वला" आहे, एक लांब श्वास आहे, आणि "बरं असू दे" आहे. तशीच ठेवली.

तिला विचारलं, "तुझ्यासाठी काय बोलू?"

म्हणाली, "मला कशाला? मी काय हैदराबादला राहते?"

१२ नोव्हेंबर, बुधवार

उज्वलाच्या वागण्यात फरक पडलाय. आठवडाभर बघतोय. मी बाहेरच्या खोलीत असलो की ही स्वयंपाकघरातून मुद्दाम काहीतरी विचारते. "अहो, बादली भरली का?" "अहो, कोण आलं होतं?" कोणी आलेलं नसतं. मला ओरडून उत्तर द्यावं लागतं. डॉक्टरांनी आवाजाला जपा सांगितलंय, हे हिला माहीत आहे. आज तर वीजबिल हातात देऊन म्हणाली, "वाचून दाखवा, माझा चष्मा सापडत नाहीये." चष्मा डोक्यावर होता. तरी मी वाचलं. वर तिने पान उलटून तिथल्या बारीक अक्षरातल्या सूचना वाचायला लावल्या.

आणि मोबाइल. कधी हातात न घेणारी बाई, आता मोबाइल सारखा जवळ. ओट्यावर, जेवताना ताटाशेजारी, पालथा ठेवलेला. मी म्हटलं, "तुलाही नाद लागला का?" म्हणाली, "हो, लागला."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

भांडण झालं. कारण कोथिंबीर. मी आणलेली जुडी निबर निघाली म्हणे. तिथून गाडी माझ्या मावसभावाच्या लग्नावर, तिथून २००९ साली मी तिला न विचारता स्कूटर घेतली त्यावर. मी चिडलो. घसा दुखत होता तरी बोललो, हात वर करून बोललो. "तुला मैदानाची किंमत कधी कळलीच नाही" इथपर्यंत गेलो. आणि मी ऐन भरात असताना ही माझ्याकडे बघून हसली. म्हणजे अगदी, लग्नाच्या फोटोत हसलीय तशी.

मी ताट सरकवून उठलो. संध्याकाळी तिने काहीच झालं नाही असा चहा दिला. बायकांचं मन समजत नाही हे खरं. पोरींना मी चौदा वर्षांच्या असल्यापासून ओळखतो, त्यांचंही नाही समजत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुरुस्तीसाठी दिवसभर वीज नव्हती. मैदानावर जाऊन बसलो. पोरींना ऑपरेशनचं अजून सांगितलेलं नाही. कर्णधार म्हणाली, "सर, तुम्ही शिट्टीच वाजवा, ओरडू नका." तेवढ्याने गलबललो. शिट्टीलाही तोंडातून हवा लागते. पंचवीस तारखेनंतर तीही नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

सगळं गेलं.

सकाळी टॉवेल काढला, मशीन बंद होतं. काल वीज गेल्याने बंद पडलेलं. बटण दाबलं, नीट सुरू झालं, मला आनंदही झाला. टीएमपी उघडलं. माझ्या तीन खोल्या नाहीत. नऊ फाइली नाहीत. मी पुन्हा पुन्हा उघडून बघितलं, जसा माणूस रिकाम्या खिशात पुन्हा पुन्हा हात घालतो.

योगिनीला फोन केला. तिने तिथून माझा पडदा तिच्या पडद्यावर घेतला, बाण आपोआप फिरायला लागला. दहा मिनिटं फिरला. मग थांबला.

"पप्पा, तुम्ही टीएमपीमध्ये का ठेवलं?"

"त्यानेच घेतलं, बाकी कोणी घेईना."

"टीएमपी म्हणजे टेम्पररी, पप्पा. तात्पुरतं. मशीन बंद होऊन चालू झालं की ते स्वतःला धुऊन काढतं."

"परत नाही येणार?"

ती रडायला लागली. मोठ्याने, लहानपणी गुडघा फुटल्यावर रडायची तशी. "मी कशाला ते बदललं हो पप्पा. जुनंच राहू द्यायचं होतं. मी नीट दाखवलं नाही."

मी म्हटलं, "अगं, मीच चुकीच्या मैदानात खेळलो. तू रेषा आखून दिल्या होत्यास." ती आणखी रडली. मला वाटलं होतं आज मी रडेन. तिची समजूत काढण्यातच वेळ गेला आणि माझं राहूनच गेलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

योगिनीने आणखी काही उपाय केले, काही हाती लागलं नाही. दुपारी उज्वला गॅलरीत जाऊन तिच्याशी हळू आवाजात बोलत होती. मला एवढंच ऐकू आलं, "तू नको काळजी करू. माझ्याकडे आहे." डिंकाच्या लाडवांचं बोलत असावी. योगिनीला दर थंडीत पाठवते.

नंतर मुलीने मला धडा दिला. सेव्हची खिडकी उघडली की डावीकडे बघायचं, होम दाबायचं, मगच पुढे. तिने होममध्ये 'आवाज' नावाचं फोल्डर केलं आणि ते डाव्या यादीत अडकवून दिलं, म्हणजे समोरच दिसेल. माझ्याकडून पाच वेळा करून घेतलं. एक रिकामी फाइल सेव्ह, बंद, पुन्हा उघड, सापडली का? पाचव्यांदा म्हणाली, "आता मशीन बंद करा. पूर्ण. आणि चालू करा." केलं. फाइल होती.

"बघा," म्हणाली. "आता हे तुमचं घर आहे."

१९ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा रेकॉर्ड करायला बसलो. आठवड्यात आवाज आणखी खाली गेलाय. पहिल्या खेपेला कुरकुरत का होईना वाक्य पुरं व्हायचं, आता शेवटचा शब्द नुसती हवा होऊन बाहेर पडतो. चढाईचा धडा सतराऐवजी सहा मिनिटांत गुंडाळला. खरं सांगायचं तर तोच बरा झालाय. पोरींना एवढंच लागतं.

सिन्नरची गोष्ट मात्र पुन्हा सांगता येईना. एकदा सांगून झालेली कबुली दुसऱ्यांदा खोटी वाटते. मग योगिनीला फोन लावला आणि तिलाच सांगून टाकलं. ती म्हणाली, "आईने सांगितलंय ते मला. दहावीत असताना." इतकी वर्षं दोघी गप्प.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज मैदानावर पोरींना सांगितलं. त्यातली एक म्हणाली, "सर, शेवटचा दम घ्या ना. आमच्यासमोर." मी रेषेवर उभा राहिलो. एकसष्ट वर्षं वय, साखर, आणि हा गळा. कबड्डी कबड्डी म्हणत मध्यरेषा ओलांडली. तरुणपणी चाळीस सेकंद टिकायचा, आज नऊ सेकंद टिकला. कोणी मला पकडलं नाही. मी परत आलो तेव्हा सगळ्या एका ओळीत उभ्या होत्या आणि पायाखालची माती कपाळाला लावत होत्या.

हे रेकॉर्ड केलं नाही. सुचलंच नाही.

संध्याकाळी उज्वला पहिल्यांदा कॉम्प्युटरजवळ येऊन बसली. मी तिला 'आवाज' उघडून दाखवलं. आत 'मैदान', 'योगिनी', 'उज्वला'. तिने स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. "रिकामं आहे."

"मला सुचत नाही गं."

"राहू द्या रिकामं. जागा असू दे."

आणि थोडा वेळ माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं, रागावली नाहीये मग.

२४ नोव्हेंबर, सोमवार

उद्या. आज दवाखान्यात भरती झालो. योगिनी आलीय. दिवसभर मी कमी बोललो. शब्द शिल्लक ठेवायचे असल्यासारखा. उद्या ऑपरेशनच्या दारात उज्वलाला काय म्हणायचं, ते मनात पक्कं केलंय. इथे लिहीत नाही. वहीत वाचलेलं आणि कानाने ऐकलेलं यात फरक राहिला पाहिजे.

३ डिसेंबर, बुधवार

हात आज स्थिर आहे म्हणून लिहितोय. ऑपरेशन नीट झालं. गाठ पूर्ण निघाली, डॉक्टर खूश आहेत. नाकातून नळी आहे, पातळ अन्न त्यातून. गळ्याच्या भोकातून श्वास येतो-जातो, त्याचा आवाज मला रात्रंदिवस ऐकू येतो. खोकला नाकातोंडातून न येता गळ्यातून येतो, त्याची लाज वाटते. सिस्टर म्हणाली, "काका, सवय होते." वास येत नाही कशाचाच.

तो प्रसंग लिहून ठेवतो. स्ट्रेचर दारापाशी थांबलं. उज्वला एका बाजूला, योगिनी दुसऱ्या. आता म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "स्कूटरचा पेट्रोलचा कॉक बंद केलाय का बघ."

उज्वला म्हणाली, "हो. केलाय."

दार बंद झालं. तेहेतीस वर्षांच्या संसारात माझं शेवटचं वाक्य पेट्रोलच्या कॉकबद्दल. भूल चढेपर्यंत मी स्वतःला शिव्या देत होतो.

१२ डिसेंबर, शुक्रवार

घरी. नळी निघाली, पेज तोंडाने घेतली. मऊ भात परवापासून.

पाटीवर लिहून बोलतो. उज्वलाने शाळेतल्या पोरांसारखी पाटी आणलीय, पुसायला कापड बांधून. अडचण अशी की ती पाठमोरी असली की मी गप्पच. पाटी हवेत धरून काय उपयोग? टाळी वाजवतो. काल टाळी वाजवली तर म्हणाली, "मी काय कबुतर आहे?" पण आली.

जानेवारीअखेर किरणोत्सर्गाचे उपचार सुरू होतील.

२० डिसेंबर, शनिवार

आज जे झालं ते सावकाश लिहितो.

योगिनी दोन दिवसांसाठी आली. सकाळी उज्वला तिला म्हणाली, "माझा मोबाइल भरलाय. फोटोही निघत नाही. ते सगळं पप्पांच्या कॉम्प्युटरवर टाकून दे." योगिनीने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "सगळं? इथे, पप्पांसमोर?" उज्वला म्हणाली, "आता काय लपवायचंय."

वायर जोडली. दोनशे चौदा फाइली. नावं नाहीत, नुसत्या तारखा. सगळ्या नोव्हेंबरच्या.

योगिनीने एक लावली. भांड्यांचा आवाज, कुकरची शिट्टी, आणि लांबून मी. "भरली! बंद करतोय नळ!" दुसरी लावली. मी वीजबिलाच्या मागच्या सूचना वाचतोय, मध्येच म्हणतोय, "हे कोण वाचतं गं?" तिसरीत मी नुसता खाकरतोय आणि वर्तमानपत्राचं पान उलटतोय. एकीत झोपेतून उठून "किती वाजले" विचारलंय. एकीत फोनवर कुणाला तरी, "नाही हो, ती घरीच आहे, देतो," आणि मग मोठ्याने हाक. उज्वला. माझ्या त्या हाकेत काहीच विशेष नाही. मी ती दिवसातून वीसदा मारत असेन.

मग कोथिंबिरीचं भांडण. संपूर्ण. मी किती ओरडत होतो! मैदानाची किंमत वगैरे. त्यात तिच्या हसण्याचा आवाज नाही, ते फक्त मी पाहिलं होतं.

मी उठून गॅलरीत गेलो. रडताना आवाज येत नाही हे मला नवीन होतं. गळ्यातून नुसती हवा येते. राग आला होता का? आला होता. मी माइक लावून, विचार करून, चांगले शब्द शोधत होतो, आणि ही माझे चिल्लर शब्द गोळा करत होती. माझ्या भाषणांच्या वेळी भाजीला जायची ती.

आत आलो आणि पाटीवर लिहिलं, "कोथिंबिरीचं भांडण खोटं होतं?"

ती म्हणाली, "नाही. कोथिंबीर खरंच निबर होती."

योगिनी हसता हसता जमिनीवर बसली. मीही हसलो, गळ्यातून शीळ वाजल्यासारखं झालं आणि त्याने त्या दोघी आणखी हसल्या.

मग योगिनीने विचारलं, "आई, हे कुठे ठेवू?" उज्वला स्वतः खुर्चीत बसली. डावीकडे बघून होम, मग आवाज, मग स्वतःच्या नावाचं ते रिकामं फोल्डर. बोटाने एकेक अक्षर वाचत, घाई न करता, दोनशे चौदाच्या दोनशे चौदा तिथे नेऊन सोडल्या.

संध्याकाळी मी पाटीवर लिहिलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नीट बोलला असतात."

३० डिसेंबर, मंगळवार

ऑपरेशनच्या वेळीच गळ्यात एक छोटी झडप बसवलीय. भोकावर अंगठा दाबला की श्वास त्या झडपेतून अन्ननलिकेत जातो आणि तिथून आवाज निघतो. आज अंजली मॅडमनी पहिल्यांदा करायला लावलं. "सर, अंगठा हलका. 'अ' म्हणा."

सहा वेळा नुसती फुस्स. सातव्यांदा आला. खोल कुठून तरी, बैलगाडीच्या चाकासारखा. तो माझा आहे हे समजायला मला एक क्षण लागला. मॅडम म्हणाल्या, "आता एक ते पाच मोजा." मी तीनपर्यंत गेलो. दम तुटला. दुसऱ्यांदा पाच.

उज्वला बाहेर बाकावर होती. मी तिला आत बोलवू दिलं नाही. असला आवाज तिने ऐकावा असं वाटलं नाही.

५ जानेवारी २०२६, सोमवार

मॅडम म्हणतात, सराव रोज रेकॉर्ड करा, प्रगती ऐकू येते. मी 'आवाज'मध्ये 'नवा' असं वेगळं फोल्डर केलं. मला आता कोणतंही फोल्डर करता येतं, कुठेही ठेवता येतं. सरावाच्या वेळी दार लावून बसतो.

आज उज्वला म्हणाली, "द्या, मी सेव्ह करते, तुमचा अंगठा दुखत असेल." तिने फाइल चुकून तिच्याच फोल्डरमध्ये टाकली. पाटीवर लिहून दाखवलं, 'नवा'मध्ये टाक. "बरं," म्हणाली, आणि दुसरी फाइलही तिथेच टाकली. अजून तिला हे नीट जमत नाही. राहू दिलं.

९ जानेवारी, शुक्रवार

सकाळी मैदानावर जाऊन आलो. पोरींनी मला खुर्ची दिली, मी बसलो नाही. गळ्याला रुमाल बांधून हाताने खुणा केल्या. सहा मिनिटांची फाइल त्यांच्या मोबाइलवर आहेच. चढाईला जाणारी प्रत्येक पोर पहिलं पाऊल बरोबर टाकते.

घरी आलो. उज्वला स्वयंपाकघरात पोळ्या करत होती, पाठमोरी. मला मोज्यांची धुतलेली जोडी हवी होती. टाळी वाजवणार होतो. मग वाटलं, बघू. बाहेरच्या खोलीतूनच अंगठा गळ्यावर ठेवला, दम घेतला आणि हाक मारली.

"उज्वला."

जाडाभरडा आला, पण तिन्ही अक्षरं आली.

आतून उत्तर आलं, "आले, आले, कोण आहे?" गॅस बारीक केल्याचा आवाज. पिठाचे हात पदराला पुसत ती बाहेर आली, माझ्या शेजारून गेली आणि जाऊन दार उघडलं. जिन्यात कोणी नव्हतं. तिने वाकून खाली बघितलं, वर बघितलं. "आत्ता तर कुणीतरी हाक मारली."

मी उभा होतो तिथेच. पाटी हाताशी होती, ती उचलली नाही. पुन्हा अंगठा ठेवला.

"मी."

ती वळली. एक हात कडीवर, दार सताड उघडं. खालून कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज येत होता. तिने मला बराच वेळ पाहिलं, चेहरा नाही, अंगठा. डोळे भरून आले होते तिचे, माझ्यामुळे असणार, असा भसाडा आवाज. मी मान खाली घातली.

तिने दार लावलं. कडी घातली. जवळ येऊन म्हणाली, "परत मारा."

"कशाला?"

"मारा म्हटलं ना."

मी दम घेतला. "उज्वला."

तिने डोळे मिटून ऐकलं. पिठाचा हात माझ्या मनगटाला लागला होता, अंगठ्याच्या अगदी खाली.

"आता ओळख पटली," म्हणाली. "पुढच्या वेळी दार उघडायला जाणार नाही."